त्याची परीक्षा मी दिली

आमची विमा कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झाली, तेव्हा अंधेरीच्या ऑफिसात सगळ्यांना नव्या सिस्टीमची ऑनलाइन परीक्षा द्यावी लागली. कोणाला कुठलं काम मिळणार, ते तिच्या गुणांवर ठरणार होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा माझा मित्र मालवणकडचा, पन्नाशी उलटलेला. क्लेमची फाईल नुसती चाळून कुठला कागद कमी आहे ते सांगायचा. माउस मात्र जिवंत खेकड्यासारखा धरायचा.

"शिकव ना रे," म्हणाला. दोन दिवस शिकवलं, तिसऱ्या दिवशी कंटाळलो. "सरक, मी टाकतो करून," म्हणत त्याच्या लॉगिनने त्याची परीक्षा मीच दिली. संध्याकाळी त्याने मला वडापाव चारला. "झकास! तुझ्यापेक्षा जास्त पडले मला!"

त्या गुणांमुळेच त्याला बोरीवलीच्या शाखेत पाठवलं, इतरांना सिस्टीम शिकवायला.

"वाट लागली यार. साहेबांना खरं सांगून टाकतो."

"वेडा आहेस का? दोघंही अडकू. मी फोनवर सांगेन ना."

आठवडाभर सांगितलं. मग त्याचे फोन नकोसे झाले. मीटिंगमध्ये आहे, असे मेसेज मी जेवणाच्या सुट्टीत टाकले. एका दुपारी त्याचे अकरा मिस्ड कॉल होते. त्या दुपारी सगळ्या शाखेसमोर, पडद्यापुढे उभा राहून तो म्हणाला होता, "मला येत नाही." माझं नाव त्याने घेतलं नाही. त्याला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. माझं प्रमोशन झालं.

गेल्या महिन्यात मी बोरीवलीला गेलो. तो पाकिटांवर पत्ते चिकटवत होता.

"पुन्हा परीक्षा आहे. या वेळी नीट शिकवतो."

"तू शिकवत नाहीस रे, करून टाकतोस. चहा घेणार?"

चहा सांगायला तो उठला. टेबलावर त्याची वही होती. मी उघडली. सिस्टीमच्या पायऱ्या पेन्सिलीने मराठीत लिहिलेल्या, बाणांसकट. सहा पायऱ्या. सातव्या आकड्यापुढे फक्त माझा फोन नंबर.

तो परत आला. काहीतरी करायचं म्हणून मी पाकिटांकडे हात नेला.

"राहू दे," म्हणत त्याने गठ्ठा आपल्याकडे ओढून घेतला.