फिल्टरने मोजलेले डबे

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडंच आहे, वाचणाऱ्याने माफ करावं. मेथीच्या फोडणीचा वास आला की फॅक्टरीजवळच्या रांझी वस्तीतलं आमचं जेवणाच्या डब्यांचं पहिलं बिल आठवतं. फॅक्टरीवाल्यांच्या ऑर्डरी मोबाइलवर यायच्या आणि सुनेच्या कॉम्प्युटरमधला फिल्टर त्या संदेशांतून नाव न् आकडा वेचून तक्ता बनवायचा. त्या पहिल्या बिलाचे पैसे भरलेला एक जण दारात आला. “काकू, मी एकटा माणूस, दोन डब्यांचे पैसे काहून घेतले? उद्यापासून डबा बंद.” एरवी मी गिऱ्हाइकापुढे येत नसे. त्या दिवशी बाहेर येऊन त्याचा संदेश बोट ठेवून वाचला: ‘गेट नंबर 2, एक डबा.’ “अगं, तुझा फिल्टर गेटचा आकडा डब्यांत धरून राहिला,” मी सुनेला म्हटलं. ती हसली आणि तिथेच फिल्टर सुधारायला बसली. आता प्रत्येक बिल आधी मी बघते. त्याचा डबा चालू राहिला, आणि त्या गेटवरच्या सगळ्यांचे जास्तीचे पैसे आम्ही पूर्ण परत केले.