जीपच्या खिडकीला लावलेली फिल्म

आमच्या थोरल्या मुलीचा एकच फोटो होता. ती तापानं गेली तेव्हा पाच वर्षांची होती. भिंतीवरच्या त्या फोटोला वाळवी लागली आणि चेहराच गेला. पण चांद्याच्या फोटोवाल्याकडून मी त्याची निगेटिव्ह मागून ठेवली होती. ती मी धाकट्या भावाच्या हाती दिली. तो जीप घेऊन नागपूरला जायचा. तिथून नवा फोटो करून आणायचा होता. दोन महिन्यांत तो आठ वेळा गेला, आणि आठही वेळा आमच्या घरी जेवताना म्हणाला, दिली आहे, दुकानात गर्दी आहे.

जीप दोघांची, लष्कराच्या लिलावातली. तिच्या बाजूच्या पडद्यांना सेल्युलॉइडच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच, खिडक्या होत्या. उन्हाळ्यात त्या तडकल्या. एक चीर साडेनऊ इंच, एक सात, बाकीच्या लहान. दुसऱ्या दिवशी कुरखेड्याला लग्नाची माणसं न्यायची होती. असली दुरुस्ती मी घरीच करत असे. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग फोटोवाले टाकून देतात त्या जुन्या निगेटिव्हच्या फिल्म धुऊन त्यांच्या पट्ट्या कापायच्या आणि रंगाऱ्याच्या थिनरनं चिकटवायच्या. दोन्ही थर विरघळून एक होतात. मोजून सहा फिल्म लागत होत्या. भावानं सहा आणून दिल्या.

परक्यांचे चेहरे, त्यांत काही मेलेल्यांचेही असणार. ते निरखू नयेत असं आमच्याकडे मानतात. म्हणून उजेडात न धरता मी सगळ्या फिल्म पालथ्याच गरम सोड्याच्या पाण्यात सोडल्या आणि वरचा चित्राचा काळा थर अंगठ्यानं घासून काढला.

शेवटची पट्टी दाबून धरली तेव्हा तिच्या कडेला टाचणीनं ओरखडलेली फुली दिसली. फुलीखाली रेघ. दुकानात मुलीच्या निगेटिव्हची अदलाबदल होऊ नये म्हणून ती खूण मीच केली होती.

भाऊ चाकात हवा भरत होता. मी विचारलं. त्यानं पंप थांबवला नाही.

"पाचच भेटल्या, भाऊ. सहावी माह्याजवळच पडून होती. सकाळी गाडी नेणं होतं."

"नागपूरले दिली होती ना?"

"नेलीच नाई. मले वाटलं, वयनी इसरल्या असतीन."

माझी बायको विसरली नव्हती. तिनं विचारलं नव्हतं, कारण दिराच्या शब्दावर तिचा विश्वास होता. माझाही होता.

बायको तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. भावाबद्दल तिनं काहीच विचारलं नाही.

"धुतली कोणी?"

"मी."

"पाह्यली नाई?"

"नाई."

तिनं सूप उचललं आणि आत गेली.

सकाळी जीप कुरखेड्याला गेली. जोड पक्के बसले होते. दिराला ती पूर्वीसारखंच आग्रह करून वाढत राहिली. माझ्या हातात मात्र घरातली कुठलीही वस्तू तिनं पुन्हा दुरुस्तीला दिली नाही.