रेडिओजवळची जागा

जुन्या रेडिओच्या चामडी कव्हराचा वास आला की सीमेपलीकडची, इचोड्याजवळची आमची तेलुगू शाळा आठवते. दर शुक्रवारी दुपारी रेडिओवर तेलुगूतून विज्ञानाचा पाठ लागायचा. वर्गात मराठी शाळेतून नुकतीच आलेली, तेलुगू न येणारी मी एकटीच. एकदा धीर करून म्हटलं, "सर, मले काहीच समजून नाही राह्यलं." सरांनी मायेनं पुढे बोलावलं, रेडिओला अगदी खेटून बसवलं आणि आवाज वाढवला. "आता समजते का, पोरी?" मी होकारार्थी मान हलवली. मागे सगळी पोरं रेडिओतल्या कशाला तरी हसली, म्हणून मीही हसले. वर्षभर ती जागा माझीच राहिली. परवा लेकीचा मोबाइलवर वर्ग चालू होता. ती गप्प गप्प दिसली, म्हणून माझा हात आवाज वाढवायला पुढे गेला, आणि तिथेच थांबला.