पुढचा खांदा

जुन्नर बघायला येणाऱ्या लोकांची घाई बघण्यासारखी असते बरं का. सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्री, जाता जाता ओझर, आणि उजेड उरलाच तर नाणेघाट. दोन हजार वर्षं एका दिवसात उरकायची आणि झोपायला घरी! आणि आमचा पोपट? सव्वीस वर्षं झाली, गडी लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरून हललेला नाही. पायऱ्या नक्की किती असं विचारलंत तर म्हणेल, "मोजायला सवड कुठंय, राव? खांद्यावर माणूस असतंय."

पोपट डोली उचलतो. अंगानं भक्कम पाव्हण्याला चौघं लागतात, पण हलक्या म्हाताऱ्या माणसाला दोघंही वर नेतात. एक लांब बांबू, त्याला मधोमध दोरांनी टांगलेली खुर्ची, पुढे पोपट, मागे बहिरू. सव्वीस वर्षांत ना जोडी बदलली, ना जागा. पुढच्यानं पायरी बघायची आणि हाळी द्यायची. मागच्यानं सकाळी डोली बांधायची. पुढच्यानं दोराला हातसुद्धा लावायचा नाही. लावला तर मागच्यावर भरवसा नाही असा त्याचा अर्थ, आणि एवढ्यावरून जोड्या मोडल्याचं पोपटनं पाहिलेलं. चालताना मागे वळून बघायचं नाही, हे तर सांगायलाच नको.

जोडी जमायला उंची सारखी लागते, पाऊल सारखं लागतं, आणि श्वासही. एकानं सोडलं की दुसरा घरी बसलाच म्हणून समजा. तरण्या पोरांना हे काम नको असतं, आणि खरं सांगू, त्यांचं काही चुकत नाही.

पोपटचं घर बौद्ध. डोंगर सगळा लेण्यांचा, त्यातल्याच एका लेण्यात गणपती. पाव्हणे गणपतीला जातात आणि पोपट बाहेर भिक्खूंच्या एखाद्या खोलीच्या उंबऱ्यावर घाम पुसत बसतो. वर्षातून एकदा, वैशाख पौर्णिमेला, पांढरे कपडे घालून बायकोबरोबर, जानकाबाईबरोबर, तो रिकाम्या खांद्यानं वर चढतो. त्या दिवशी त्याला दिसतं की इथून खालचं शिवार केवढं लांबवर पसरलंय. बाकीचे दिवस त्याला दिसतात फक्त पायऱ्या.

दोन वर्षांपूर्वी डाव्या खुब्यात कळ यायला लागली. डॉक्टरनं फोटो काढला आणि म्हणाला, ओझं बंद, नाहीतर काठी घ्यावी लागेल. पोपटनं फोटो गादीखाली सारला आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर. सांगितलं फक्त बायकोला. तिनं मुलाला, प्रबुद्धला. तो हडपसरला कारखान्यात सुपरवायझर. दोन वर्षं त्याचं एकच पालुपद, "बाबा, बास झालं आता, इकडं या." शेवटी पोपट हो म्हणाला. प्रबुद्ध रविवारी गाडी घेऊन येणार होता. जानकाबाईनं डबे, पातेली, गोधड्या बांधून ठेवल्या. राहिलं होतं एकच काम, बहिरूला सांगायचं.

आणि तेच होईना! सोमवारी चहा पिताना सांगणार होता, तर बहिरूनं लेकीचा विषय काढला. हर्षाली नर्सिंगला, शेवटचं वर्ष. "एवढं वरीस निघालं ना पोपटा, मग मी डोलीला हात न्हाई लावायचा." झालं, पोपटनं चहा संपवला आणि उठला. मंगळवार गेला, बुधवार गेला. पोपट स्वतःवरच चिडायचा. अरे, मी काय जन्मठेपेचा कैदी आहे का? स्वतःचा पाय, स्वतःचा मुलगा, आणि जायला दुसऱ्याची परवानगी?

शनिवार उजाडला. पहिलीच सवारी ठाण्याची आजीबाई, वजनाला चिमणी, बोलायला चौघींना भारी. "रोज देवाच्या दारात असता हो तुम्ही! आम्हाला मेलं एकदा यायचं तर केवढा खटाटोप. भाग्य लागतं बाई!"

"हो ना, आज्जी," पोपट म्हणाला. खुबा आतून करवतल्यासारखा होत होता.

अर्ध्यावरच्या वळणावर आजींना पाणी हवं होतं. त्यांना उतरवून कठड्यावर बसवलं. पोपटनं मनाशी ठरवलं, आत्ताच. म्हणून बहिरूशी बोलायला तो वळला आणि आडव्या ठेवलेल्या डोलीसमोर बसला. तेव्हा बांबू त्याच्या नजरेला पडला.

बांबूच्या मधोमध दोराच्या घासणीनं गुळगुळीत झालेले दोन जुने पट्टे होते. दोर त्या पट्ट्यांवर नव्हते. चांगली वीतभर मागे, बहिरूच्या बाजूला सरकवून बांधलेले. खुर्ची मागे सरकली की भार मागच्यावर, हे डोलीवाल्याला काय शिकवायचं? आणि चढताना तर मागच्याच्या वाट्याला आधीच जास्त.

"बहिऱ्या, हे काय?"

बहिरूनं तोंड फिरवलं. "कुठं काय?"

"दोर कवापासनं मागं हायेत?"

"दोन वर्षं झाली आसतील."

"तुला कुणी सांगितलं व्हतं?"

"सांगायला कशाला पायजे कुणी? सव्वीस वर्षं तुझा पाय माझ्या डोळ्याम्होरं हाय. डावा फरपटाय लागला तवाच कळालं. आधी चार बोटं सरकवली, मग हळूहळू वीत." त्यानं सदऱ्याची कॉलर वर ओढली, पण तेवढ्यात पोपटला दिसायचं ते दिसलं. उजव्या खांद्यावर लिंबाएवढं टेंगूळ, वरची कातडी काळी पडलेली. "तू म्हनला असतास मला न्हाई जमत, मग मी कुठं गेलो असतो? मगाशी बोलायला वळलास, काय सांगायचं व्हतं?"

पोपटला राग आला. बहिरूचा, स्वतःचा, त्या आजीबाईच्या भाग्याचाही. बहिरूनं शिव्या घातल्या असत्या तर सोडून जाता आलं असतं. आता कसं जायचं?

"कायबी न्हाई," तो म्हणाला.

मग त्यानं सव्वीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. दोराला हात घातला. बहिरू मनगट धरायला आला तसा खेकसला, "गप ऱ्हा!" गाठी सोडल्या, खुर्ची पुढे ओढली, जुन्या पट्ट्यांवर आवळून बांधली. आजींना बसवलं आणि बांबू खांद्यावर घेतला. पहिल्याच पायरीला खुब्यातून मस्तकापर्यंत कळ गेली. डोळ्यांत पाणी आलं. त्याही अवस्थेत त्यानं हाळी दिली, "पायरी हाय, चल!"

संध्याकाळी घरी आल्यावर उभ्या उभ्याच प्रबुद्धला फोन लावला. "उद्या येऊ नगंस. एक वरीस जाऊ दे." पलीकडून पोरगं ओरडत होतं. पोपटनं फोन कानापासून लांब धरला आणि मग बंद केला.

जानकाबाईनं गाठोडं सोडलं आणि एकेक डबा पुन्हा फळीवर ठेवायला लागली.

"मलाबी जायचं व्हतं गं," पोपट म्हणाला.

"आन् मला?" ती म्हणाली, आणि पुढचा डबा उचलला.