भिंतीपलीकडची सासू

कादंबरी लिहायला घेतली आणि पहिलीच अडचण आली ती संध्याकाळची. माझ्या कादंबरीत एक भरलं घर होतं. त्यात सासू होती, सून होती, मुलगा होता, आणि दिवेलागणीच्या वेळी ही माणसं एकमेकांशी काय बोलतात ते मला ठाऊक नव्हतं. मी बोर्डिंगात वाढलेली. आईबाप मानमोडीच्या साथीत गेले आणि मिशनच्या लोकांनी मला गावाकडून उचलून नगरला आणलं. आमच्याकडे दिवेलागणीला घंटा व्हायची, मग प्रार्थना, मग रांगेने जेवण. जेवताना बोलायची बंदी होती. एवढ्या भांडवलावर मी घरगुती कादंबरी लिहायला बसले होते. धाडसच म्हणायचं.

तोवर मी मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले होते. लग्न झालेल्या मैत्रिणी शाळेत होत्या, तेव्हा म्हटलं, त्यांच्या घरी जाऊन बघावं. गेले. पण पाहुणी आली की घर आपलं बोलणं थांबवतं, हे मला तिथे कळलं. कपबशी बाहेर निघते, मुलांना कविता म्हणायला लावतात, नवरा लढाईच्या बातम्या सांगतो. मी उठून बाहेर पडले की आतला खरा आवाज सुरू होई आणि मी तोवर रस्त्याला लागलेली असे. दोनतीनदा मी फाटकाशी चप्पल शोधायच्या निमित्ताने रेंगाळले सुद्धा. एका मैत्रिणीच्या सासऱ्यांनी ते पाहिलं आणि स्वतः कंदील घेऊन चप्पल शोधायला आले. त्यानंतर मी तो नाद सोडला.

मग मी शाळेच्या आवारातली खोली सोडून विणकरांच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली. आवारात घंटेमुळे लिहिणं होत नाही असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. शेजारच्या घरात हातमाग होता. मधली भिंत मातीची, आढ्यापर्यंत न पोचलेली. पलीकडे कोणी कूस बदलली तरी इकडे कळावं. माझ्या कामासाठी याहून सोयीची भिंत नगरात दुसरी नसेल.

घरात तिघं होती. मुलगा मागावर बसे, सून सुताच्या कांड्या भरी आणि म्हातारी सासू दिवसभर सूत उकली. सून नगरातच जन्मलेली, तिचं मराठी अस्सल नगरी. सासू मात्र निजामाच्या मुलखातून आली होती आणि तिला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं. घरात तिघंही तेलुगूच बोलत. मला त्यातलं अक्षर कळत नसे. त्याने माझं काही अडत नाही असं तेव्हा मला वाटलं. शब्द माझे मी घालीन, मला हवा होता तो सूर.

पहिल्याच दिवशी मी सुनेला बजावलं होतं, "माझं दार लावलेलं असलं की वाजवायचं नाही. मी लिहीत असते." ती मान डोलावून गेली. लिहिण्याच्या बाबतीत मी फार खाष्ट होते. शाळेतून आले की हातपाय धुवायचे, गुळाचा चहा करायचा (जिल्हाभर ऊस उभा आणि साखर रेशनवर, असा तो काळ), दार लावायचं आणि अंधार पडेपर्यंत लिहायचं. घासलेट मिळत नव्हतं म्हणून दिवसाउजेडी जे होईल तेवढंच. कागदाचीही टंचाई होती. मुलींच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर माझी कादंबरी चालली होती. टाक मात्र मला जाड निबाचा लागे आणि शाई निळी. काळ्या शाईने लिहिलं की मला प्रगतिपुस्तक भरल्यासारखं वाटायचं. संध्याकाळचा स्वयंपाक मी बंदच करून टाकला होता. सकाळची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, ती लिहिता लिहिताच पोटात जायची. कधी जायची, कधी राहायची.

दिवस मावळायला आला की पलीकडचा माग थांबे आणि म्हातारीचा आवाज सुरू होई. आधी एखाददुसरं वाक्य, खालच्या पट्टीत. मुलगा हुंकार देई. सून हळूच काहीतरी बोले. मग म्हातारीचा आवाज चढे. सून पुन्हा समजुतीच्या सुरात बोले, मुलगा एकदा खेकसे, आणि शेवटी एखादं भांडं दणकन आपटलं जाई. मग सारं शांत. हे रोज. मला तर घबाडच सापडलं. सासू सुनेला छळते, नवरा मधल्यामध्ये वैतागतो, यात न कळण्यासारखं काय होतं? बोर्डिंगातल्या मुलीने सासू पाहिली नसली तरी गोष्टीत वाचलेली असतेच. मी टाक शाईत बुडवून त्या आवाजाबरोबर लिहीत सुटे. म्हातारीच्या तोंडी मी असे काही जहरी शब्द घातले की वाचताना माझेच कान तापायचे. प्रकरणामागून प्रकरण होत गेलं. सासू फार झकास उतरते आहे, अशी माझी मलाच शाबासकी होती.

पण टाक ठेवला की वेळ जात नसे. रविवारी चर्चमधून निघताना लोक ख्यालीखुशाली विचारत आणि आपापल्या घरी जात. मीही जणू घाई असल्यासारखी चालू लागे. खोलीत आल्यावर कुलूप काढायचं आणि कुलपाशीच जरा थांबायचं, अशी सवय लागली होती, कारण आत गेल्यावर दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत कोणाशी बोलायचं नसे. मला फार एकटं वाटायचं. तेव्हा मी ते कबूल केलं नसतं. लेखकाला एकांत लागतो, असं मी तोऱ्यात सांगत असे. मी तापाने फणफणून पडले तर शाळेतून निरोप येईपर्यंत नगरात कोणाला पत्ताही लागणार नाही, हे मी मनाशी पक्कं धरून बसले होते.

पुढे लढाईपायी सूत मिळेनासं झालं. मिळे ते काळ्या बाजारात. पलीकडचा माग आधी अधूनमधून थांबू लागला, मग थांबलाच. सोलापुरात त्यांचे नातेवाईक होते, तिकडे जायचं त्यांनी ठरवलं. निघायच्या दिवशी रविवार होता. माझं दार उघडं पाहून सून उंबऱ्यात आली.

"बाई, पाटा-वरवंटा काय न्हेता येत न्हाई आमाला. तुमी ठिवून घेता का?"

मी हो म्हटलं, तिला बसवलं. मनातून मला एकच घाई झाली होती. सासूच्या शेवटच्या प्रकरणासाठी मला खरे दोन शब्द हवे होते आणि आता विचारलं नाही तर कधीच मिळणार नव्हते. मी म्हणाले, "राग मानू नकोस. पण रोज संध्याकाळी तुझी सासू तुला एवढं काय बोलते गं?"

ती पदर तोंडाला लावून हसली.

"मला? मला कशाला बोलत्याल? ते तुमच्यापायी हुतं, बाई."

"माझ्यापायी?"

"व्हय. सांजच्याला तुमच्याकडनं भाकरी थापल्याचा आवाज कदी येत न्हाई. सासूबाई कान लावून बसायच्या. आवाज आला न्हाई की सुरू. ती पोरगी उपाशी निजती, जा, जेवाय बोलवून आन तिला. मी म्हनायची, बाईंनी दार वाजवू नका म्हनून सांगितलंय. आनि ह्यांचं आपलं दुसरंच. बाई किरिस्ताव, शिकलेल्या, आपल्यात जेवतील का? जेवल्या तर गल्ली काय म्हनंल? मंग सासूबाईंचा लई संताप व्हायचा. भांडं आपटायच्या." उठता उठता ती म्हणाली, "आता भांडी बी पोत्यात बांधली, न्हाईतर आजच्याला तरी बोलावलं असतं."

माझी तिशी उलटली होती आणि भिंतीपलीकडे मी रोज 'पोरगी' होते. मी म्हातारीचा सूर टिपत होते आणि ती माझ्या भाकरीचा आवाज ऐकत होती. निदान तिचा अंदाज तरी बरोबर निघाला. घरातली माणसं दिवेलागणीला काय बोलतात ते मला हवं होतं ना? या घरातली माणसं माझ्याबद्दल बोलत होती. मला रडू आलं, आणि सुनेसमोर रडायला लाज वाटली म्हणून मी पाटा ठेवायला जागा करू लागले.

गल्लीच्या तोंडाशी टांगा उभा होता. म्हातारी आधीच वर चढून गाठोड्यांमध्ये बसली होती. मी जवळ गेले. तिने माझ्या दंडाला हात लावून चाचपला, बाजारात कोंबडी चाचपतात तसा, आणि काहीतरी म्हणाली.

सून म्हणाली, "त्या इचारत्यात, आता तुमाला कोन हाय?"

एवढे संवाद रचणारी मी, एवढंच म्हणाले, "सांग त्यांना, मला सवय आहे."

सुनेने सांगितलं. म्हातारीने माझा दंड सोडला नाही. माझ्याकडे बघत ती एकच वाक्य बोलली, अगदी हळू. सून वर चढली, टांगेवाल्याने लगाम झटकला. "काय म्हणाल्या?" मी विचारलं. सुनेने मान हलवली, डोळे पुसले आणि सांगितलं नाही.

कादंबरी मी पुढे पुरी केली. सासूची सगळी प्रकरणं फाडून पुन्हा लिहिली. टांग्यातल्या निरोपाचं प्रकरणही लिहिलं आणि त्यात तिच्या त्या वाक्यापुरती ओळ मोकळी सोडली. मनाने काहीही घालता आलं असतं, आयुष्यभर मी तेच करत आले होते. पण ती ओळ मला लिहिता आली नाही. पुस्तक तसंच छापलं गेलं.