बराकपूरचा कोरा फॉर्म

कॅमेरा स्टँडवर लावून झाला होता. तपनबाबू केसांवरून कंगवा फिरवून खुर्चीत ताठ बसले होते. आता त्यांनी आमचा ब्राउझर किती छान चालतो ते दाखवायचं, दोन वाक्यं बोलायची आणि मी दुपारच्या गाडीने ऑफिसला परतायचं, असं ठरलं होतं. त्यांनी एका टॅबवरून दुसऱ्या टॅबवर क्लिक केलं आणि मी आल्यापासून ते भरत होते तो अख्खा फॉर्म माझ्या डोळ्यांदेखत कोरा झाला.

तपनबाबू दचकले नाहीत. त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला आणि पहिल्या रकान्यात पुन्हा नाव टाइप करायला लागले.

"हे असं नेहमी होतं?" मी विचारलं.

"दोनतीनदा भरला की एकदाचा सबमिट होतो," ते म्हणाले. "तुम्ही कॅमेरा सुरू करा ना."

मी सॉल्ट लेकला, सेक्टर फाइव्हमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत यूजर रिसर्च सांभाळते. आम्ही बनवलेली वस्तू लोक प्रत्यक्षात कशी वापरतात ते बघणं आणि ते बनवणाऱ्यांच्या कानावर घालणं, हे माझं काम. वडील रेल्वेत होते, इकडे बंगालमध्ये गार्डन रीचला बदलून आले आणि आम्ही इथलेच झालो. इथे 'व'चा 'ब' होतो, त्यामुळे ऑफिसात वैशालीची मी बैशालीदी आहे. तपनबाबू आणि मी अर्थात बंगालीत बोलत होतो.

आमची कंपनी एक नवा ब्राउझर बनवत होती. जुन्या, कमी मेमरीच्या कॉम्प्युटरवरही भरभर चालेल असा. त्याची बीटा आम्ही काही लोकांना वापरायला दिली होती. बीटा म्हणजे विक्रीला न काढलेली, पण चालती आवृत्ती. लोकांनी ती फुकट वापरायची आणि कुठे अडलं ते आम्हाला कळवायचं. ब्राउझरचं मुख्य वैशिष्ट्य होतं टॅब झोपवणं. तुम्ही समोर एक पान उघडून बसलात की मागची पानं ब्राउझर मेमरीतून काढून टाकतो. परत त्या टॅबवर गेलात की पान नव्याने आणतो. त्यामुळे मशीन हलकं राहतं. हे आमच्या तृणाने लिहिलं होतं, आणि ऑफिसात सगळे त्यावर खूश होते.

तपनबाबूंचं दुकान बराकपूर स्टेशनपासून टोटोने, म्हणजे इथल्या ई-रिक्षाने, दहा मिनिटांवर. एका शाळेतून क्लार्क म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी घराची पुढची खोली रस्त्याकडे उघडली, एक जुना डेस्कटॉप आणि प्रिंटर मांडला. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे, हा उद्योग. प्रवेश, नोकरी, रेशनकार्ड, सगळे. कोण ब्राउझर किती वापरतं ते दाखवणाऱ्या आमच्या डॅशबोर्डवर ते सर्वात वर होते. त्यांच्याइतका वेळ आमच्या ब्राउझरमध्ये कोणीच काढत नव्हतं. आमच्या भाषेत याला सेशन टाइम म्हणतात. तो जास्त असला की यूजर रमला, असं आम्ही मानतो.

म्हणून माझा बॉस अनिर्बाण म्हणाला होता, "बैशालीदी, या माणसाचा व्हिडिओ घेऊन ये. उद्याच्या रिव्ह्यूत सुरुवातीलाच दाखवू." उद्या बेंगळुरूहून पैसे गुंतवणारे लोक कॉलवर येणार होते. लाँचची तारीख त्याच कॉलवर पक्की होणार होती.

मी कॅमेरा सुरू केला. तपनबाबूंनी नाव, पत्ता, मार्क भरले. फोटो अपलोड करायची वेळ आली. साइटला फोटो ठरावीक साइजचा हवा होता. तो लहान करायला त्यांनी दुसरा टॅब उघडला. फोटो लहान झाला. परत फॉर्मच्या टॅबवर आले. फॉर्म कोरा.

 ब्राउझर सांगितलेलं काम अगदी चोख करत होता. मागचा टॅब झोपवत होता. त्या टॅबमध्ये एका माणसाने तासभर टाइप केलेलं आहे, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. आणि हा माणूस तोच फॉर्म तीनतीनदा भरत असल्यामुळे आमच्या डॅशबोर्डवर पहिला आला होता.

बाकावर एक मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या. मुलीचं नाव सोहिनी. कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म तिचाच होता. ती उठून स्क्रीनजवळ आली.

"काकू, पाच वाजता बंद होतं ते," ती मला म्हणाली. मी कॅमेरावाली, म्हणजे काहीतरी अधिकारी असणार, असं तिला वाटलं असावं.

घड्याळात सव्वातीन झाले होते.

"तपनबाबू, जुना ब्राउझर आहे ना? त्यावर भरा आज," मी म्हणाले.

"तो इथे हँग होतो. म्हणून तर तुमचा घेतला." ते जरा थांबले. "आणि तुमचा व्हिडिओ?"

"व्हिडिओ झाला."

जुना ब्राउझर उघडला. पहिल्याच पानावर गोल फिरत राहिला. सोहिनीची आई पदराचं टोक बोटाला गुंडाळून पुन्हा सोडत होती. मी माझा ऑफिसचा लॅपटॉप बॅगेतून काढला, मोबाइलचं नेट जोडलं आणि टेबलावर जागा केली. ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काम करायचं नसतं. त्या वेळी ते मनातही आलं नाही.

तपनबाबू वाचून सांगत होते, मी टाइप करत होते. शेवटची तारीख, त्यामुळे साइट रडतखडत चालत होती. ओटीपी आईच्या फोनवर यायचा होता, आणि आईचा फोन घरी चार्जिंगला लावलेला. सोहिनी चपला न घालताच पळाली. ती येईपर्यंत मी दर मिनिटाला एकदा पानावर क्लिक करत होते, साइटने लॉगआउट करू नये म्हणून. ती आली, धापा टाकत आकडे सांगितले. सबमिट दाबलं. पान पांढरं झालं आणि तसंच राहिलं.  मग पावती आली. चार वाजून गेले होते.

मायलेकी प्रिंट घेऊन गेल्या. मी खुर्चीत टेकले.

"तपनबाबू, तुम्ही हे आम्हाला कळवलं का नाहीत? ब्राउझरमध्येच तक्रारीचं बटण आहे."

त्यांनी खालच्या खणातून एक फाइल काढली. ते सगळ्या गोष्टींचा कागद ठेवणारे. त्यात एका ईमेलचं प्रिंट होतं. त्यांनी ते माझ्याकडे फिरवलं.

'आपण कळवलेली अडचण आमच्याकडे आढळली नाही. कृपया सूचना नीट वाचून पुन्हा प्रयत्न करावा.' खाली नाव होतं. माझं.

मला ती तक्रार आठवली. शेजारच्या मशीनवर बघितली होती, माझ्या मशीनवर बघितली होती. फॉर्म जागच्या जागी होता. आमच्या मशीनना भरपूर मेमरी आहे, तिथे टॅब झोपवायची वेळच येत नाही. मी 'यूजरची चूक' असा शेरा मारून तक्रार बंद केली होती. पूर्ण दोन मिनिटंही लागली नव्हती.

"तुम्ही लिहिलंत म्हणून मी सूचना पुन्हा वाचल्या," तपनबाबू म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. "वाटलं, माझाच हात चुकून कुठे लागतोय. वय झालं. मग मी जपून क्लिक करायला लागलो."

"कुणाचा फॉर्म राहिला का यात?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"रूपाचा. बाजारात साडीच्या दुकानात काउंटरला असते. नर्सिंगच्या कोर्सचा फॉर्म होता, तुमचं उत्तर आल्यावर काही आठवड्यांनी. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सुट्टी घेऊन आली. तिसऱ्यांदा भरेपर्यंत साइट बंद झाली. आता पुढच्या वर्षी. मी तिच्या घरी जाऊन सांगून आलो, माझी चूक झाली म्हणून. तेव्हापासून त्या गल्लीतलं कोणी इकडे येत नाही. स्टेशनजवळच्या दुकानात जातात."

"चूक तुमची नव्हती. ब्राउझरची होती. आणि माझी."

"हे मला लिहून द्याल?" त्यांनी लगेच विचारलं. "बाकी काही नको. कंपनीच्या कागदावर. बंगालीत."

मी हो म्हणाले. देता येईल की नाही, माहीत नव्हतं.

गाडीत बसल्यावर अनिर्बाणला फोन केला.

"व्हिडिओ कसा आला?"

"फॉर्म कोरा होतानाचा आलाय."

मी सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "एका माणसाच्या जुन्या मशीनवरून आपण लाँच हलवायचं?"

"आपण जुन्या मशीनसाठीच बनवतोय ना?"

"उद्याच्या कॉलनंतर बोलू."

"उद्याच्या कॉलमध्ये तू त्यांचा सेशन टाइम दाखवणार आहेस. तो कशाने वाढलाय ते आता तुलाही माहीत आहे."

त्याने फोन ठेवला. सियालदाला उतरून मेट्रोने सेक्टर फाइव्ह गाठेपर्यंत मी तीनदा मेसेज लिहून पुसला.

तृणा जागेवरच होती. तिने रेकॉर्डिंग बघितलं. मला वाटलं होतं, ती वाद घालेल. तिने एक मशीन घेतलं, त्याची मेमरी सेटिंगमध्ये कापून तपनबाबूंच्या डेस्कटॉपएवढी केली, फॉर्म उघडला, दुसरा टॅब उघडला, परत आली. कोरा. पुन्हा केलं. पुन्हा कोरा.

"मी महिनाभर अशीच मेमरी कापून याची टेस्ट करत होते गं, दीदी," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "प्रत्येक वेळी बातम्यांची पानं उघडली. फॉर्म कधी उघडलाच नाही."

मी तक्रारींची यादी काढली. बंद केलेल्या तक्रारींत तशाच आणखी काही सापडल्या. शब्द वेगवेगळे होते. कुणी 'डेटा गेला' लिहिलं होतं, कुणी 'पान रिकामं', एका बाईंनी फक्त 'परत परत' एवढंच. सगळ्यांना तेच उत्तर गेलं होतं, त्याच नावाने.

दुसऱ्या दिवशी कॉल सुरू झाला. अनिर्बाणने पहिली स्लाइड लावली, सेशन टाइमचा आलेख.  तो म्हणाला, "हा आलेख आम्ही चुकीचा वाचला होता. का ते बैशाली सांगेल." मला आधी काहीच सांगितलं नव्हतं त्याने. मी रेकॉर्डिंग लावलं. तपनबाबू ताठ बसलेले, फॉर्म कोरा होतो, ते मुकाट्याने पुन्हा पहिल्या रकान्यापासून सुरू करतात. पलीकडून कोणीतरी विचारलं, "हे काही बोलत का नाहीत?" मी म्हणाले, "बोलले होते. मी ऐकलं नाही."

लाँच पुढे गेलं. कॉलवरचे लोक नाराज झाले, ते लपलं नाही. ज्या पानावर काही टाइप केलेलं आहे ते झोपवायचं नाही, असा बदल तृणाने आठवड्याभरात केला. ब्राउझर थोडा जड झाला.

पत्राचं मात्र अडलं. अनिर्बाण म्हणाला, "बीटा घेताना लोक अटी मान्य करतात. वापर स्वतःच्या जबाबदारीवर, असं त्यात स्पष्ट आहे. लेखी चूक कबूल केली तर लीगलवाले काय म्हणतील?"

"नाही म्हणतील. म्हणून त्यांना विचारत नाहीये. मी माझ्या सहीने देते. तक्रार मी बंद केली होती, तेवढं तर मी लिहू शकते?"

 त्याने स्वतः प्रिंटरमधून लेटरहेड काढून दिलं.

मी पत्र बंगालीत लिहिलं. माझं बंगाली लिखाण शाळकरी आहे, तृणाने दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. फॉर्म कोरे होण्याचं कारण आमचं सॉफ्टवेअर होतं, तपनबाबूंनी ते वेळेवर कळवलं होतं आणि आमच्याकडून दुर्लक्ष झालं, एवढंच त्यात होतं. शनिवारी मी ते घेऊन बराकपूरला गेले. त्यांनी ते उभ्यानेच दोनदा वाचलं, झेरॉक्स काढली आणि दुकान तसंच उघडं टाकून मला म्हणाले, "चला."

रूपा काउंटरमागे साड्यांच्या घड्या घालत होती. तपनबाबूंनी तिच्या हातात झेरॉक्स दिली. तिने वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे काकांची चूक नव्हती."

"नव्हती."

"मग त्यांनी माझ्या आईच्या पाया का पडायचं?" ती म्हणाली.  मी माफी मागितली. तिने मान हलवली, ती माफ केलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते कळलं नाही. गिऱ्हाईक आलं आणि ती पुन्हा साड्या उलगडायला लागली. तपनबाबूंना मात्र तिने जाताना विचारलं, "काका, पुढच्या वर्षीचा फॉर्म कधी निघतो?"

तिचं वर्ष काही परत आलं नाही. त्या पत्राने ते येणारही नव्हतं.

आता आमच्याकडे सर्वात जुन्या, सर्वात रडक्या मशीनवर चालल्याशिवाय कुठलीही आवृत्ती बाहेर जात नाही. आणि 'आमच्याकडे आढळलं नाही' असं लिहून तक्रार बंद करायच्या आधी त्या माणसाला फोन करायचा, हा नियम मी घातला आहे. टीममधली नवी मंडळी कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात. फोनला पाच मिनिटं लागतात. तेव्हा मी ती काढली असती, तर रूपा आज नर्सिंगच्या वर्गात असती.