गुंडीवरची तार

नानांच्या सदऱ्याच्या वरच्या गुंडीला कायम एक बारीक तार गुंडाळलेली असायची. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, गुंडीचा दोरा निसटलाय. नवख्या बाईला ते पाहवायचं नाही. "नाना, आना सदरा, दोन टाका टाकी देस," असं कुणी म्हणालं, की नाना गुंडी मुठीत धरून मागे सरकायचे. ती फ्यूजची तार होती. सदरे फाटले, नवे शिवले, पण तारेची जागा बदलली नाही.

नाना आमच्या माहेरच्या गल्लीतले. नात्याचे म्हणाल तर कुणीच नाहीत. माझं माहेर तापीपलीकडे, चोपड्याच्या अंगाला, आणि सासर अलीकडे, जळगावच्या बाजूला. मधे नदी आणि एक नाव. नानांचं उभं आयुष्य जळगावच्या एका कापसाच्या जिनात डायनामोजवळ गेलं. म्हातारपणी ते गावी आले ते पकड, पेचकस आणि गावाला न झेपणारी शिस्त घेऊन. पाण्याला मात्र असे भ्यायचे, की नावेत बसल्यावर मधली फळी दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून घ्यायचे. अशा माणसाला नावेचं वेड लागावं, याची गावाला मोठी मौज वाटायची. मलाही वाटायची.

मग मायनं मला खरं काय ते सांगितलं. नानांची एकुलती एक लेक मंजुळा, तीही अलीकडच्या काठालाच दिलेली. एका आखाजीला, लेकींनी माहेरी यायच्या अक्षय्यतृतीयेच्या सणाला, ती निघाली, पण तिची गाडी घाटावर पोचली तेव्हा दिवस मावळला होता. डोहाच्या तोंडाशी खडक. अंधारात तिथून नाव घालायला कुणी तयार होईना. पलीकडे नाना उभे, अलीकडे लेक उभी. तिचं हिरवं लुगडं दिसेनासं होईपर्यंत दोघं तसेच उभे राहिले. गाडी माघारी गेली. वाटेवरून परतलेली सून त्याच सणाला पुन्हा धाडायची नाही, असा तिच्या सासरचा दंडक. पुढची आखाजी यायच्या आत मंजुळा बाळंतपणात गेली.  मग नानांनी नावेवर दिवा बसवायला घेतला.

ते लढाईचे दिवस. रॉकेल मिळायचं नाही, आणि मिळालं तरी नदीतल्या वाऱ्यात कंदील टिकायचा नाही. एका मारवाडी शेटजींच्या मोटारीची जुनी बॅटरी नानांनी मागून आणली. नावेच्या मागच्या अंगाला, तळात साचणाऱ्या पाण्यापासून उंच अशी फळी ठोकून पेटीत बसवली. तिथून काठाकाठानं दोन तारा पुढे नेल्या आणि नाळेशी, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाशी, छोट्या लाकडी छपराखाली, दोन भोकांचा पितळी प्लग ठोकला. दिवा सुटा, विजेच्या लांब दोरीचा. प्लगात खोचायचा आणि हातात धरून फळीवरून उतरणाऱ्या लेकीच्या पायाशी न्यायचा. नावाडी शिवराम हसला. एवढ्याशा बॅटरीला फ्यूज कशाला, तिला हात लावला तरी ती चावत नाही, असं त्याचं म्हणणं.

"मानूसले नही चावत, लाकूडले चावस," नाना म्हणाले. नाव सगळी डांबर पाजलेली. तार तापली तर काय होईल, हे त्यांना दिसत होतं. फ्यूज त्यांनी बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवला, पुढे प्लगाजवळ नाही. "राखन्या दारमाच बसाले पाहिजे. चोर घरमा गया, मंग राखन्या काय कामना?"

मला भाऊ नाही, वडील लवकर गेले. त्यामुळे आखाजीला मला घेऊन जायला माय मुराळी म्हणून नानांनाच धाडायची. त्या वर्षी माय अंथरुणाला खिळलेली होती. सासूबाईंनी सगळी कामं उरकून घेतल्यावर मला सोडलं, आणि गाडीवानाला बजावलं, "नाववर दिवा लागना तरच बसाड. नही तं गाडी माघारी लई ये."

नानांबरोबर घाटावर पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. शिवरामच्या बायकोनं नावेची पूजा करून ठेवली होती. शिवरामनं दिवा प्लगात खोचला. लागला नाही. काढून पुन्हा खोचला. नाही. दोन म्हाताऱ्या उतरूनच गेल्या. लेकी माहेरी निघताना दिवा लागू नये म्हणजे काय. आमच्या गाडीवानानं बैल वळवायला घेतले. मी काठाला टेकवलेल्या फळीवर एक पाय ठेवून उभी होते, आणि मला माझी माय दिसत नव्हती, मंजुळेचं न पाहिलेलं हिरवं लुगडं दिसत होतं.

आधीच नावेत बसलेल्या नानांनी डोळे उघडले. मधल्या फळीवरचे हात सोडून ते भर हलत्या नावेत उभे राहिले. त्यांना तसं उभं मी पहिल्यांदाच पाहिलं. पेटी उघडून म्हणाले, "तार जळनी शे." शिवराम म्हणाला, मग दुसरी लावा. "पहिले सांग, जळनी काबर?" असं म्हणून ते इकडेतिकडे पाहत राहिले. मला तर त्यांचा राग आला. अंधार पडतोय आणि हे चौकशी करतायत.

नाळेवर आंब्याच्या पानांचं तोरण होतं, लोखंडी तारेत ओवलेलं. तारेचं एक टोक काळं पडलेलं. शिवरामच्या बायकोला तोरण बांधायला प्लगाची दोन भोकं आयती सापडली होती; तिनं दोन्ही टोकं त्यात खोचली होती, आणि वीज त्या तारेतूनच धावून फ्यूज जळाला होता. दिवा लावताना शिवरामनं ते काढून बाजूला अडकवलं होतं. ती बिचारी रडवेली झाली. पायातल्या तोरडीची चांदीची कडी काढून पुढे करत म्हणाली, "नाना, हाई लावा. हाई तुटाव नही."

"चांदी मरत नही व माय. आठे मरनारीच पाहिजे," नाना म्हणाले. "तार जळनी तं जळू दे. नाव जळाले नको." मग त्यांनी गुंडीवरची तार उलगडून फ्यूजात बसवली. दिवा लागला. तोरण त्यांनी स्वतः सुतळीनं दुसरीकडे बांधलं, आणि पुन्हा फळी धरून डोळे मिटले.

नाव पलीकडे लागल्यावर दिवा हातात घेऊन ते आधी उतरले. दोरी संपली तिथं थांबले. उतरणाऱ्या प्रत्येक पोरीच्या तोंडाकडे ते क्षणभर पाहायचे, मग खाली, तिच्या पावलांकडे. सगळ्या उतरल्या तरी ते रिकाम्या फळीवर उजेड धरून उभेच होते.

माय मला भेटली. त्या पावसाळ्यात गेली. पुढच्या आखाजीला माझं माहेर संपलेलं होतं. मुराळी धाडणारंच कुणी उरलं नव्हतं. मी सकाळपासून सासूबाईंच्या हाताखाली मुकाट्यानं सांजोऱ्या लाटत होते. दुपारी ओसरीवर खोकल्याचा आवाज आला. नाना. गुंडीला तार.

"आते कोनी धाडं तुम्हले?" सासूबाईंनी विचारलं.

"कोनी नही. मीच उनू," नाना म्हणाले. "तिनी माय गई, पन नाव शे ना."

नंतर दरवर्षी आले. त्यांच्या अंगणातल्या निंबाला त्यांनी माझ्यासाठी झोका बांधला होता. गाठ सुटते का ते इतक्यांदा ओढून पाहायचे, की झोका घ्यायला दिवस उरायचा नाही. मी चिडायचे. आज कुणी तसं चिडवावं म्हणून जीव तुटतो.

स्वराज्य आलं त्या वर्षीच्या हिवाळ्यात नाना गेले. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या घागरी भरल्या. सगळ्यांच्या भरून झाल्यावर मी एक लहान घागर आणून शेवटी ठेवली. सासूबाईंनी पाहिलं.

"हाई कोननी?"

"मुराळीनी," मी म्हणाले.

त्या उठल्या. आत जाऊन एक पिकलेलं डांगर, म्हणजे खरबूज, घेऊन आल्या आणि त्या घागरीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "लुगडं बदली ले." मी हिरवं नेसले, गाठोडं बांधलं आणि दिवस मावळेपर्यंत ओसरीवर मुराळीची वाट पाहत बसून राहिले.